पेशीच्या केंद्रकापर्यंत पोहोचणारे मलम

१५९७ सालच्या मे महिन्याच्या अखेरीस, उत्तर ध्रुवीय प्रदेशातल्या नोवाया झेम्ल्या बेटावर अडकलेल्या डच खलाशांनी एक पांढरे अस्वल मारले आणि त्याचे यकृत शिजवून खाल्ले. विल्यम बॅरेन्ट्सच्या मोहिमेतली ही माणसे सगळा हिवाळा बर्फात काढून पार खंगली होती. यकृत खाणारे आजारी पडले. तिघांची अवस्था तर अशी झाली, की ते आता हाती लागत नाहीत असेच सोबत्यांना वाटले. ते वाचले, पण डोक्यापासून पायापर्यंत त्यांची कातडी सोलून निघाली. मोहिमेतल्या गेरिट डी व्हीर याने ही हकीकत रोजनिशीत लिहून ठेवली, म्हणून ती आज आपल्याला ठाऊक आहे.

त्या यकृतात काय होते, हे कळायला जवळजवळ साडेतीनशे वर्षे गेली. १९४३ साली रोडाल आणि मूर या संशोधकांनी ध्रुवीय अस्वलाच्या यकृताची तपासणी केली, तेव्हा त्यात ‘अ’ जीवनसत्त्वाचा प्रचंड साठा आढळला. अंटार्क्टिकावरच्या १९१३ सालच्या शोकांतिकेकडेही मग अभ्यासक याच दृष्टीने पाहू लागले. शिधा संपल्यामुळे डग्लस मॉसन आणि झेवियर मेर्ट्झ यांना स्लेज ओढणारी कुत्री मारून खावी लागली होती. मेर्ट्झ वाटेतच गेला. मॉसन परतला, पण त्याच्या तळपायांची कातडी जाड थरासारखी सुटून आली होती आणि ती पायाला बांधून त्याने उरलेली वाट चालली होती. कुत्र्यांच्या यकृतातले जादा ‘अ’ जीवनसत्त्व त्या दोघांना भोवले, असे मत १९६९ साली मांडले गेले. त्याबद्दल आजही वाद आहेत. मात्र हे जीवनसत्त्व जास्त झाले तर त्वचा सोलते, याबद्दल वाद नाही.

आता याच्या उलट टोकाचे चित्र पाहावे. वोलबाख आणि हाऊ यांनी १९२५ साली अमेरिकेत उंदरांना ‘अ’ जीवनसत्त्व नसलेल्या आहारावर ठेवले. त्यांच्या श्वासनलिकेचे, मूत्रमार्गाचे आणि ग्रंथींचे मऊ, ओले अस्तर कोरडे आणि कडक झाले. कातडीवर जसा केराटिनचा थर असतो, तसाच थर तिथे तयार झाला. पुढे १९३३ साली ल्युशस निकल्स या डॉक्टरने पूर्व आफ्रिकेतल्या कुपोषित मजुरांच्या त्वचेवर खरखरीत, टोकदार पुटकुळ्या पाहिल्या आणि त्या विकाराला बेडकाच्या त्वचेचे नाव दिले. कोपर, गुडघे आणि मांड्यांवर उठणाऱ्या अशा पुटकुळ्या भारतातल्या कुपोषित मुलांमध्ये डॉक्टरांनी पुढे अनेक दशके पाहिल्या. त्यामागे इतर पोषकद्रव्यांचीही उणीव असते असे आज मानले जाते. तरी त्वचा आणि ‘अ’ जीवनसत्त्व यांचे नाते तेव्हाच पक्के झाले होते.

एकच पदार्थ कमी पडला तर त्वचा कडक होते आणि जास्त झाला तर गळून पडते. त्वचेला त्याचे प्रमाण कळते कसे? पुढच्या पानांतला सगळा विषय या प्रश्नाच्या उत्तरातून उभा राहिला आहे. उत्तराचे नाव आहे केंद्रकीय ग्राही.

संप्रेरके शरीरात नेमके काय करतात, याबद्दल १९५० च्या दशकापर्यंत शास्त्रज्ञांचा समज वेगळा होता. ही रसायने पेशीतल्या विकरांबरोबर रासायनिक क्रियेत भाग घेतात आणि त्या क्रियेत स्वतःही बदलतात, असे मानले जाई. शिकागो विद्यापीठातल्या एलवुड जेन्सन यांनी १९५८ च्या सुमारास किरणोत्सारी हायड्रोजनची खूण लावलेले इस्ट्रोजेन तयार केले आणि ते उंदरांच्या माद्यांना टोचले. इतर अवयवांतून ते निघून गेले, गर्भाशयात मात्र टिकून राहिले. शिवाय तिथे त्याचे रूप जराही पालटले नव्हते. याचा अर्थ, त्या पेशींत त्याला धरून ठेवणारे काहीतरी होते. ते एक प्रथिन होते. पहिला केंद्रकीय ग्राही अशा रीतीने सापडला.

या प्रथिनांची जनुके हाती यायला १९८० चे दशक उजाडले. कॅलिफोर्नियातल्या साल्क संस्थेत रोनाल्ड इव्हान्स आणि फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्ग येथे पिएर शाँबाँ यांच्या प्रयोगशाळा जवळजवळ शर्यतीत होत्या. १९८५ साली इव्हान्स यांच्या गटाने कॉर्टिसॉल या स्टिरॉइड संप्रेरकाच्या ग्राहीचे जनुक ओळखले. डिसेंबर १९८७ मध्ये दोन्ही गटांनी स्वतंत्रपणे ‘नेचर’मध्ये जाहीर केले, की ‘अ’ जीवनसत्त्वापासून तयार होणाऱ्या रेटिनॉइक आम्लालाही स्वतःचा ग्राही आहे. धक्का पुढेच होता. हा ग्राही रचनेने स्टिरॉइड संप्रेरकांच्या ग्राहींचा सख्खा भाऊ निघाला. जीवनसत्त्व म्हणजे आहारातला घटक आणि संप्रेरक म्हणजे ग्रंथीतून येणारा निरोप, ही पाठ्यपुस्तकातली भिंत त्या महिन्यात कोसळली. जेन्सन, शाँबाँ आणि इव्हान्स यांना २००४ साली लास्कर पुरस्कार एकत्र मिळाला.

माणसाच्या जनुकसंचात अशा ग्राहींची संख्या ४८ आहे. त्यांची कामाची पद्धत इतर ग्राहींहून निराळी आहे. इन्सुलिन किंवा अॅड्रिनॅलिन पेशीच्या दारात थांबणाऱ्या टपालवाल्यासारखे असते. पत्र दारावरच्या ग्राहीच्या हाती दिले की त्याचे काम संपते, आतली धावपळ इतरांनी करायची. स्टिरॉइडे, ‘अ’ आणि ‘ड’ जीवनसत्त्वे आणि थायरॉइड संप्रेरक हे आकाराने लहान आणि स्निग्ध रेणू पेशीच्या आत पोहोचतात. तिथे ग्राहीशी त्यांची जोडी जमली, की ते प्रथिन डीएनएच्या ठरावीक जागी बसते आणि जनुके चालू किंवा बंद करते. कॉर्टिसॉलचा ग्राही एरवी केंद्रकाबाहेर असतो आणि संप्रेरक मिळाल्यावर आत जातो. रेटिनॉइक आम्लाचा ग्राही आधीच डीएनएवर ठाण मांडून असतो आणि निरोप येईपर्यंत जनुक दाबून धरतो. ‘अ’ आणि ‘ड’ जीवनसत्त्वांच्या ग्राहींना आरएक्सआर नावाचा जोडीदारही लागतो. हाच जोडीदार थायरॉइडच्या आणि चरबीची जाण ठेवणाऱ्या ग्राहींनाही लागतो. ही सामाईक भागीदारी लक्षात ठेवावी, कारण पुढे तिचा हिशेब द्यावा लागतो.

आणि त्वचा? बाह्यत्वचा तळाशी सतत नव्या पेशी घडवते. या पेशी वर सरकताना केराटिनने भरतात, मरतात आणि साधारण महिन्याभरात झडून जातात. प्रत्येक पेशीने कधी विभागायचे, कधी थांबायचे आणि कधी मरायचे, हे जनुकांच्या चालू-बंद होण्यावर ठरते. त्यामुळे केंद्रकीय ग्राहींचा येथे जितका पसारा आहे, तितका थोड्याच अवयवांत असेल. उन्हातल्या अतिनील-ब किरणांनी ‘ड’ जीवनसत्त्व तयार करणारी त्वचाच. त्याला सक्रिय रूप देणारी विकरेही तिच्याकडे आहेत आणि ते ओळखणारा ग्राहीही. कॉर्टिसॉलसुद्धा ती काही प्रमाणात स्वतः घडवते.

या इतिहासातली लक्षणीय गोष्ट अशी, की त्वचारोगशास्त्रातली बहुतेक बलवान औषधे ग्राहीचा पत्ता लागण्यापूर्वीच वापरात आली होती. उपयोग आधी आणि कारण नंतर, हा क्रम औषधशास्त्राला नवा नाही. पण येथे कारण कळायला झालेल्या उशिराची किंमत रुग्णांनी मोजली आहे.

‘अ’ जीवनसत्त्वाच्या कुळातल्या रेटिनॉइड औषधांचेच उदाहरण घ्यावे. फिलाडेल्फियाचे अल्बर्ट क्लिगमन यांनी १९६९ साली मुरमांवर ट्रेटिनॉइनच्या मलमाचा उपयोग दाखवला. १९७९ साली गॅरी पेक आणि सहकाऱ्यांनी गाठी येणाऱ्या, खड्डे पाडणाऱ्या मुरमांच्या १४ रुग्णांना आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या दिल्या. १३ जणांची त्वचा स्वच्छ झाली आणि औषध थांबवल्यावरही तशीच राहिली. तोपर्यंत असे काही कोणी पाहिले नव्हते. १९८२ साली अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली. गर्भारपणात ते घेतलेल्या स्त्रियांच्या बाळांमध्ये कान, हृदय आणि मेंदू यांचे गंभीर व्यंग येते, हे पुढच्या दोन-तीन वर्षांत उघड झाले. गर्भात अवयवांची मांडणी रेटिनॉइक आम्लाच्या इशाऱ्यावर होते आणि तो इशारा वाचणारे ग्राही मुरमांवरचे औषध वाचणारेच असतात. १९८७ चा शोध लागला तेव्हा हे दोन परिणाम एकाच धाग्याचे आहेत हे कळले. आजही आयसोट्रेटिनॉइन घेणाऱ्या स्त्रीने गर्भधारणा कटाक्षाने टाळायची असते, ती याच कारणाने.

क्लिगमन यांचे नाव घेताना होम्सबर्ग तुरुंगाचा उल्लेख टाळता येत नाही. १९५१ ते १९७४ या काळात त्यांनी तेथील कैद्यांवर, त्यातही बहुसंख्य कृष्णवर्णीयांवर, त्वचेचे प्रयोग केले. त्या माणसांना आपल्यावर काय केले जात आहे याची धड कल्पना नव्हती. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या वैद्यकीय विभागाने २०२१ साली त्याबद्दल माफी मागितली. ट्रेटिनॉइन उत्तम औषध आहे हे जितके खरे, तितकीच ही नोंदही त्याच्या इतिहासाचा भाग आहे, आणि ती पुस्तकांतून गाळली जाऊ नये.

‘ड’ जीवनसत्त्वाची कथा योगायोगाने सुरू झाली. ओसाका येथे हाडांच्या ठिसूळपणासाठी ‘ड’ जीवनसत्त्वाचे सक्रिय रूप घेणाऱ्या एका रुग्णाचा सोरायसिस ओसरू लागला. मोरिमोतो आणि कुमाहारा यांनी १९८५ साली हे निरीक्षण प्रसिद्ध केले. सोरायसिसमध्ये बाह्यत्वचेच्या पेशी भराभर वाढतात आणि अर्धवट पिकलेल्या अवस्थेतच वर येऊन चंदेरी खवले बनतात. ‘ड’ जीवनसत्त्वाचा ग्राही पेशींना सावकाश वाढायला आणि पूर्ण पिकायला लावतो. अडचण अशी, की तोंडाने पुरेसा डोस घ्यावा तर रक्तातले कॅल्शियम धोकादायक वाढते. त्यावर डेन्मार्कच्या एका कंपनीने कॅल्सिपोट्रायॉल हा रेणू तयार केला. तो त्वचेवर ग्राहीला धरतो, पण रक्तात गेल्यावर लवकर मोडतो. १९९० च्या दशकापासून तो सोरायसिसच्या नेहमीच्या उपचारात आहे.

केसांनी मात्र शास्त्रज्ञांना कोड्यात टाकले. ‘ड’ जीवनसत्त्वाच्या ग्राहीचे जनुकच बिघडलेले असेल तर मुलाला मुडदूस होतो आणि अनेकदा डोक्यावरचे, अंगावरचे केसही झडून जातात. शिरेतून भरपूर कॅल्शियम दिले की हाडे सुधारतात, केस येत नाहीत. दुसऱ्या एका आनुवंशिक विकारात ग्राही ठीक असतो, पण जीवनसत्त्वाचे सक्रिय रूपच तयार होत नाही. त्या मुलांनाही मुडदूस होतो, केस मात्र जागच्या जागी राहतात. याचा निष्कर्ष विलक्षण आहे. केसांच्या मुळाला हा ग्राही हवा असतो. ‘ड’ जीवनसत्त्व त्याला चिकटले आहे की नाही, याची त्या मुळाला फिकीर नसते. निरोप वाचण्यापलीकडेही या प्रथिनांना कामे आहेत, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा शोधूनही मिळणार नाही. केस गळतात म्हणून ‘ड’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या खाणाऱ्यांनी ही बाब डॉक्टरांशी जरूर बोलावी.

पुरुषी संप्रेरकाचा ग्राही टकलामागे आहे, हा अंदाज तसा जुना. जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ साली दाखवून दिले, की वयात येण्यापूर्वी ज्यांचे वृषण काढले गेले त्या पुरुषांना टक्कल पडत नाही. त्यांना टेस्टोस्टेरॉन दिले, की घराण्यात टक्कल असणाऱ्यांचे केस विरळ होऊ लागतात. एकाच संप्रेरकाने हनुवटीवर दाढी वाढते आणि टाळूवरचे केस बारीक होतात. संप्रेरक तेच, ग्राहीही तोच, पण त्याच्याभोवतीची पेशी वेगळी म्हणून परिणाम उलटा. या ग्राहीला त्वचेवरच अडवणारे क्लॅस्कोटेरोन हे मुरमांवरचे मलम अमेरिकेत २०२० साली मान्य झाले. ग्राही आधी समजला आणि औषध नंतर घडवले गेले, अशी उदाहरणे आता वाढत आहेत. इस्ट्रोजेनचा प्रभाव तर घरोघरी दिसतो. गर्भारपणात गालांवर उठणारा वांग, रजोनिवृत्तीनंतर झपाट्याने पातळ होणारी त्वचा, या दोन्हींत त्याचा हात आहे.

जोडीदार सामाईक असण्याची किंमत बेक्सारोटीन या औषधात दिसते. त्वचेतल्या एका प्रकारच्या लिम्फ पेशींच्या कर्करोगासाठी ते १९९९ साली मान्य झाले. ते आरएक्सआरलाच धरते. त्यामुळे उपचार सुरू होताच थायरॉइडची पातळी घसरते आणि रक्तातली चरबी वाढते. रुग्णाला त्यांचीही औषधे जोडीने द्यावी लागतात.

हे सगळे विशेषज्ञांपुरते ठेवता आले असते. कॉर्टिसॉलच्या ग्राहीमुळे ते शक्य नाही, कारण त्या ग्राहीचे औषध भारतात असंख्य घरांत आहे.

कॉर्टिसोनने संधिवाताचे रुग्ण उठून चालू लागले आणि १९५० सालचे नोबेल हेंच, केंडल आणि राइशस्टाइन यांना मिळाले. त्वचेवर लावलेले कॉर्टिसोन मात्र फारसे चालेना. १९५२ साली न्यूयॉर्कमध्ये सल्झबर्गर आणि विटेन यांनी त्याऐवजी हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे औषधरूपातले कॉर्टिसॉल, लावून पाहिले आणि इसब शमला. कॉर्टिसोन ग्राहीला थेट धरू शकत नाही, हायड्रोकॉर्टिसोन धरते; हे स्पष्टीकरण पुढे मिळाले. नंतर बीटामेथासोन, क्लोबेटासॉल यांसारखी कितीतरी पट तीव्र स्टिरॉइड मलमे आली. योग्य रोगावर, योग्य जागी आणि मोजक्या दिवसांसाठी वापरली तर या औषधांना तोड नाही. कुष्ठरोगात अचानक येणाऱ्या प्रतिक्रियेत चेतातंतू सुजतात, तेव्हा प्रेडनिसोलोन वेळेवर सुरू केले तर हातपाय लुळे पडण्यापासून वाचू शकतात. चंद्रपूर, गडचिरोलीकडच्या आरोग्य कर्मचाऱ्यांना हे वेगळे सांगायची गरज नाही.

पण कॉर्टिसॉलचा ग्राही प्रतिकारशक्तीचे इशारे दाबताना त्वचेची कोलॅजेन घडवणारी जनुकेही मंदावतो. महिनोन्‌महिने मलम लागत राहिले, की त्वचा कागदासारखी पातळ होते, तांबड्या शिरा दिसू लागतात, मुरूम उठतात, मांड्यांवर कायमचे चट्टे पडतात. आणि मलम थांबवताच आग, लाली, खाज अशी उसळी येते. रुग्ण घाबरून पुन्हा तेच लावतो.

भारतात हे घडते ते दोन वाटांनी. पहिली वाट गोऱ्या रंगाच्या हव्यासाची. क्लिगमन यांनीच १९७५ साली वांगासाठी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि डेक्सामेथासोन यांचे मिश्रण सुचवले होते. त्यातली दोन औषधे थेट केंद्रकीय ग्राहींवर चालतात. मोजक्या आठवड्यांसाठी सुचवलेल्या अशा तिहेरी मिश्रणाचे निरनिराळे अवतार आपल्याकडे लग्नाआधी, परीक्षेच्या फोटोआधी, मैत्रिणीने सांगितले म्हणून चेहऱ्याला लागू लागले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात, चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्यावर स्टिरॉइड लावत असल्याचे आढळले. अशा चेहऱ्याचे वर्णन करणारी स्वतंत्र संज्ञा कोलकात्याच्या डॉक्टरांना २००८ साली घडवावी लागली, यावरूनच प्रश्नाचा आकार कळतो.

दुसरी वाट गजकर्णाची. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात जांघेत, कमरेला नायटा उठतो. माणूस औषधाच्या दुकानात जातो आणि स्टिरॉइड, बुरशीनाशक व प्रतिजैविक एकत्र असलेली ट्यूब घेऊन येतो. दोन दिवसांत खाज थांबते. बुरशी मेलेली नसते, तिच्याशी लढणारी प्रतिकारयंत्रणा तेवढी गप्प झालेली असते. वर्तुळाची ओळखीची कडा पुसट होते आणि बुरशी मोकळेपणाने पसरते. स्टिरॉइडने रूप बदललेल्या या नायट्याचे वर्णन इंग्लंडमध्ये १९६८ सालीच झाले होते. गेल्या दशकात भारतात चिवट गजकर्णाची जी साथ पसरली, तिच्यामागे अशी मिश्रणे हे एक मोठे कारण असल्याचे त्वचारोगतज्ज्ञ सांगत आले आहेत. २०२० साली नाव मिळालेली ट्रायकोफायटन इंडोटिनी ही बुरशी नेहमीच्या टर्बिनाफिनला अनेकदा दाद देत नाही, आणि ती आता इतर देशांतही पोहोचली आहे.

त्वचारोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने कृतिदल नेमले, सरकारकडे पाठपुरावा केला, आणि मार्च २०१८ मध्ये १४ स्टिरॉइड मलमांना अनुसूची ‘एच’मधून असलेली सूट काढून घेण्यात आली. म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. नियम चांगला आहे. तो काउंटरवर पाळला जात नाही तोवर अपुरा आहे.

पुढची पाने शास्त्रीय आहेत. त्यांत सूत्रे येतील, प्रथिनांच्या आकृत्या येतील, उंदरांवरचे प्रयोग येतील. पेशींतल्या चरबीची जाण ठेवणाऱ्या आणि जखम भरून येण्याशी निगडित असलेल्या पीपीएआर ग्राहींसारखी, या प्रस्तावनेत केवळ ओझरती आलेली प्रकरणेही आहेत. वाचकाने ती सावकाश वाचावीत. पण त्याआधी घरातल्या कपाटातली मलमाची ट्यूब काढून तिच्यावरचे बारीक अक्षर वाचावे. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन किंवा डेक्सामेथासोन यांपैकी एखादे नाव दिसले आणि ते मलम घरातल्या कोणी चिठ्ठीविना चेहऱ्याला किंवा जांघेत लावत असेल, तर स्वतःच्या मनाने ते चालू ठेवू नये आणि एकदम सोडूही नये. ट्यूब सोबत घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे.